शेलएक्स-डी: बोलतो कमी, शोधतो नेमकं

प्रोटीनचा स्फटिक मिळाला, एक्स-रे डेटाही चांगला आला, पण मॉलेक्युलर रिप्लेसमेंटला (ठाऊक असलेल्या सारख्या रचनेवरून सुरुवात करणारी रीत) देण्याजोगं मॉडेल हाताशी नाही आणि अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमचं भाकीतही बसत नाही. अशा वेळी जुनीच वाट धरावी लागते. हजारो अणूंमधले मोजके अनॉमलस अणू (एक्स-रेंना जरा वेगळा प्रतिसाद देणारे, जसे सेलेनियम किंवा गंधक) आधी शोधायचे, त्यांच्या जागांवरून फेज (लाटांच्या कला, ज्या मोजमापात हरवतात) काढायच्या आणि मग उरलेलं प्रोटीन बांधायचं. हे मोजके अणू म्हणजे सबस्ट्रक्चर. ते शोधून देणाऱ्या प्रोग्रॅमांत शेलएक्स-डीचं नाव सगळ्यात आधी निघतं. हा रिव्ह्यू त्याचा आहे. त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या शेलएक्स-सी आणि शेलएक्स-ई या भावंडांनाही सोबत घेतलं आहे, कारण एकट्या शेलएक्स-डीने कुणाचंच काम होत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. शोध घेण्यात याला तोड नाही. मात्र डेटा खराब असेल तर तो तसं सांगत नाही, मुकाट्याने आकडे छापत राहतो. ते आकडे वाचता आले तर पंधरा मिनिटांत काम उरकतं, नाही तर आठवडा पाण्यात जातो.

गॉटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांनी लहान रेणूंसाठी लिहिलेल्या शेलएक्स मालिकेतला हा प्रोग्रॅम. थॉमस श्नायडर आणि शेल्ड्रिक यांनी त्याचा सबस्ट्रक्चरसाठीचा उपयोग २००२ साली सविस्तर मांडला. शेल्ड्रिक २०२५ मध्ये गेले, पण प्रोग्रॅम आजही तसेच चालतात. कारण साधं आहे. फोरट्रानमध्ये लिहिलेली एकेक सुटी फाइल आहे, तिला ना लायब्ररी लागते ना इन्स्टॉलर. नोंदणी करून उतरवायची, संगणकावर ती चालवण्याची परवानगी द्यायची, चालवायची. विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना मोफत, कंपन्यांना शुल्क. सीसीपी४ (स्फटिकशास्त्राचा प्रोग्रॅमसंच) उतरवलं की हे आपोआप सोबत येतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं गृहीत धरू नका, आधी तपासा. सगळे टप्पे आपोआप चालवणारं क्रँक-२ सुरू केल्यावर "शेलएक्स सापडलं नाही" असा निरोप येतो तो बहुधा यामुळेच.

मूळ कल्पना आपल्याकडच्या वाचकांना परकी वाटू नये. अनॉमलस स्कॅटरिंगमधून फेज काढता येते हे जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी १९५६ साली मद्रासहून मांडलं होतं. तेव्हा एवढे बारीक फरक मोजायची साधनं नव्हती. १९८१ मध्ये हेंड्रिक्सन आणि टीटर यांनी क्रॅम्बिनची रचना फक्त गंधकाच्या सिग्नलवर सोडवली आणि वाट खुली झाली.

आता कामाचं. डेटा किती चांगला हवा हे शेलएक्स-डी सांगणार नाही, ते कागदावर आपणच काढायचं. अपेक्षित अनॉमलस फरकाचं (फ्रीडेल जोडी, म्हणजे उलट दिशांच्या प्लस आणि मायनस रिफ्लेक्शनांची, अर्थात विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांची जोडी; तिच्यातल्या तफावतीचं) ढोबळ सूत्र असं: अनॉमलस अणूंच्या संख्येला प्रोटीनमधल्या एकूण (हायड्रोजन सोडून) अणूंच्या संख्येने भागा, वर्गमूळ काढा, त्याला दोनच्या वर्गमूळाने गुणा, मग एफ-डबल-प्राइमला (अणूचा अनॉमलस जोर, इलेक्ट्रॉनांत) ६.७ ने भागून त्याने गुणा. दर शंभर अमिनो आम्लांमागे एक सेलेनियम, एजच्या (जिथे अणूचं शोषण एकदम वाढतं ती तरंगलांबी) शिखरावर एफ-डबल-प्राइम साधारण ५ इलेक्ट्रॉन धरला तर उत्तर पावणेचार टक्क्यांच्या आसपास येतं. हे आरामात मोजता येतं. गंधकाची गोष्ट वेगळी. तांब्याच्या १.५४ अँगस्ट्रॉमच्या किरणांवर गंधकाचा एफ-डबल-प्राइम जेमतेम ०.५६. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइममध्ये १२९ अमिनो आम्लं, साधारण हजार अणू आणि १० गंधक. हिशेब १.२ टक्के. एकेका मोजमापातली चूक ५ टक्के असेल तर वीसदा मोजूनही ती १.१ टक्क्यावरच येते, म्हणजे चूक आणि सिग्नल जवळजवळ बरोबरीचे. म्हणून गंधकाच्या सॅडमध्ये (एकाच तरंगलांबीच्या अनॉमलस फरकावरून रचना सोडवण्याची रीत) मल्टिप्लिसिटी (एकच रिफ्लेक्शन किती वेळा मोजलं तो आकडा) वीस-तीसच्या पुढे न्यावी लागते आणि तरंगलांबी वाढवावी लागते. १.७७ अँगस्ट्रॉमवर एफ-डबल-प्राइम ०.७३ च्या घरात जातो, २.०७ वर ०.९५. पण तरंगलांबी वाढली की शोषणही वाढतं आणि हवेतून विखुरणाऱ्या किरणांचा गोंगाटही. ब्रिटनच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवरच्या आय-२३ बीमलाइनमध्ये अख्खा प्रयोग निर्वात कोठीत होतो तो याच कारणासाठी. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रोटीनसाठीची पीएक्स-बीएल-२१ बीमलाइन आहे, सेलेनियमच्या एजवरचं काम तिथे होतं.

प्रोसेसिंगमध्ये एकच ओळ चुकली तरी पुढचं सगळं व्यर्थ. एक्सडीएसमध्ये (डेटा प्रोसेस करणारा प्रोग्रॅम) फ्रीडेलचा नियम खोटा असं लिहायलाच हवं, नाही तर फ्रीडेल जोड्या एकत्र मिसळल्या जातात आणि सिग्नल तिथेच संपतो. ही चूक नवख्यांची आहे असं कुणी समजू नये, जुन्या इनपुट फाइलची नक्कल करताना मुरलेल्यांकडूनही ती होते. शोषणाची काटेकोर दुरुस्ती चालू-बंद अशा दोन्ही प्रकारे करून पाहावी. लांब तरंगलांबीवर तिचा फायदा ठळक दिसतो.

शेलएक्स-सी हा पहिला टप्पा. त्याला युनिट सेल (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा डबा), स्पेस ग्रुप (त्याची सममिती), सॅड शब्दापुढे डेटाच्या फाइलचं नाव आणि फाइंड शब्दापुढे अणूंची अपेक्षित संख्या, एवढं दिलं की झालं. सेकंदाभरात तो तीन फाइली लिहितो. एक शेलएक्स-ईसाठी, दोन शेलएक्स-डीसाठी. सॅडमध्ये प्लस आणि मायनस यांच्यातल्या फरकाचं निव्वळ मूल्य तो अनॉमलस अणूंच्या योगदानाऐवजी वापरतो आणि त्या फरकाच्या चिन्हाप्रमाणे फेजचा कोन ९० किंवा २७० अंश धरतो. ढोबळ अंदाजच हा. फरक मोठा असेल तिथे तो बरोबर निघतो आणि शोधाला मोठेच फरक लागतात, म्हणून निभावतं.

त्याने छापलेलं कोष्टक नीट वाचायला शिकणं ही या अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट. एका ओळीत रेझोल्यूशनच्या पट्ट्या, खाली प्रत्येक पट्टीतला डी-डबल-प्राइम (अनॉमलस फरक) भागिले सिग्मा (त्यातली अंदाजे चूक). सिग्नल शून्य असेल, नुसता गोंगाट असेल, तर हा आकडा शून्यावर येत नाही, ०.८ वर येऊन थांबतो. हे ध्यानात ठेवा. कारण इथे फरकाचं निव्वळ मूल्य घेतलेलं असतं आणि सामान्य वितरणाच्या निव्वळ मूल्याची सरासरी ०.७९८ सिग्मा असते. म्हणजे कोष्टकात ०.९ पाहून "थोडा तरी सिग्नल आहे" म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. कट-ऑफ, म्हणजे ज्या रेझोल्यूशनपर्यंतचा डेटा शोधात वापरायचा ती मर्यादा, हा आकडा साधारण १.३ च्या आसपास असेल तिथे ठेवावी. डेटा न मिसळता, एक्सडीएसची मूळ फाइल जशीच्या तशी दिली तर शेलएक्स-सी अनॉमलस सीसी-हाफही (डेटाच्या दोन अर्ध्यांमधल्या अनॉमलस फरकांचा सहसंबंध) काढून देतो. तो ३० टक्क्यांखाली जातो तिथे कापा. या दुसऱ्या निकषावर अधिक भरवसा ठेवावा, कारण पहिला सिग्माच्या अचूकपणावर अवलंबून असतो आणि सिग्मा बरोबर आहेत असं छातीठोकपणे सांगणारा स्फटिकतज्ज्ञ विरळा. आधी मिसळलेली फाइल दिलीत तर हा आकडा मिळतच नाही, म्हणून मिसळू नका.

कट-ऑफ हाच सगळ्यात नाजूक खटका. डेटा २.० अँगस्ट्रॉमपर्यंत असला तरी अनॉमलस सिग्नल बहुधा २.८ किंवा ३.२ ला संपतो. सगळा डेटा शोधात ढकलला की जोरकस वाटणारे पण निव्वळ गोंगाटाचे फरक मोठ्या ई-मूल्यांमध्ये (रेझोल्यूशननुसार एका पातळीवर आणलेले फरक) शिरतात. शेलएक्स-डीचा शोध तर त्याच मोठ्या ई-मूल्यांवर उभा असतो. उलट जास्त कापलं तर रिफ्लेक्शन इतकी कमी उरतात की बरोबर जागाही वेगळ्या उठून दिसत नाहीत. ठाऊक नसेल तर निमूटपणे ०.२ अँगस्ट्रॉमच्या पायऱ्यांनी चार-सहा धावा करा. ३.८, ३.६, ३.४ असं खाली येत राहा. एका कट-ऑफवर काहीच नाही आणि लगतच्या कट-ऑफवर लख्ख उत्तर, असं अनेकदा होतं.

आता शेलएक्स-डीच्या आत काय चालतं. पॅटर्सन नकाशातून (फेजशिवाय काढता येणारा, अणूंमधल्या अंतरांचा नकाशा) जोडीदार अणूंचे वेक्टर निवडून तो सुरुवातीच्या जागा ठरवतो. मग प्रत्यक्ष अवकाश आणि रेसिप्रोकल अवकाश (रिफ्लेक्शनांचं जग) यांच्यात ये-जा सुरू होते. टँजंट सूत्राने (काही फेजांवरून इतर फेज काढणारं) फेज सुधारायच्या, नकाशा काढायचा, शिखरं उचलायची, त्यातली काही मुद्दाम वगळायची आणि पुन्हा फेज काढायच्या. ये-जा करण्याची ही कल्पना मुळात बफेलोच्या शेक-अँड-बेक गटाची. शेलएक्स-डीने तिला पॅटर्सनची चांगली सुरुवात दिली आणि वेग वाढवला. प्रत्येक धाव वेगळ्या यादृच्छिक जागेवरून निघते. म्हणून "चाललं नाही" म्हणण्याआधी किती धावा दिल्या ते पाहा. चांगल्या सेलेनियम डेटावर शंभर पुरतात. कमकुवत गंधक डेटावर दहा हजारांत दोन-चार बरोबर निघाल्या तरी नवल नाही. आताच्या आवृत्त्या सगळे कोर वापरतात, त्यामुळे दहा हजार म्हणजे चहा आणि थोडं काम. उत्तर आधीच दिसलं आणि थांबवायचं असेल तर त्याच नावाची, शेवटी फिन असलेली रिकामी फाइल फोल्डरमध्ये टाका. धाव नीट आवरून थांबते, कंट्रोल-सी मारावं लागत नाही.

फाइंडपुढचा आकडा खऱ्या संख्येच्या वीस टक्के इकडेतिकडे असला तरी चालतो. सेलेनियमच्या बाबतीत (तो मेथायोनीनमधल्या गंधकाच्या जागी बसवलेला असतो) सगळे मेथायोनीन मोजू नका, एन-टोकाचा बहुधा हलता असतो आणि दिसत नाही. असममित एककात (युनिट सेलचा सममितीने पुन्हा न येणारा भाग) किती रेणू आहेत हा अंदाजच चुकला तर मात्र वीस टक्क्यांची मुभा पुरत नाही. मॅथ्यूज सहगुणक (सेलच्या आकारमानावरून रेणूंची संख्या ताडणारा आकडा) दोन शक्यता दाखवत असेल तर दोन्ही आकड्यांनी धावा द्या.

माइंड हा दुसरा शब्द, दोन अणूंमधलं किमान अंतर. त्याचा पहिला आकडा उणे ३.५ ठेवतात. उणे चिन्हामुळे पॅटर्सनशी जुळणीही तपासली जाते. सेलेनियमला हे चालतं. लोह-गंधकाच्या चार-चार गुच्छात लोहाचे अणू २.७ अँगस्ट्रॉमवर असतात. डेटा पुरेसा बारीक असेल तर इथे आकडा उणे २ करा, नसेल तर गुच्छाला एकच मोठा अणू समजून शोधा आणि फाइंडचा आकडा त्याप्रमाणे कमी करा. आयोडाइड किंवा ब्रोमाइडमध्ये बुडवलेल्या स्फटिकात आयन सिमेट्रीच्या अक्षावरही बसू शकतो. तिथे विशेष जागा नाकारण्याची सवय बंद करावी लागते, म्हणजे माइंडचा दुसरा आकडा उणे करायचा. हे विसरलं की खरा, जड आयोडाइड यादीतच येत नाही, आणि मग आपण बिचाऱ्या डेटाला नावं ठेवत बसतो.

गंधकासाठी एक खास सोय आहे, ती जवळून पाहू. थॉमॅटिन घ्या. २०७ अमिनो आम्लं, १६ सिस्टीन मिळून ८ डायसल्फाइड आणि एकुलता एक मेथायोनीन, म्हणजे १७ गंधक. टेट्रागोनल स्फटिक, पी४१२१२, सेल साधारण ५८, ५८ आणि १५१ अँगस्ट्रॉम. डायसल्फाइडमधल्या दोन गंधकांत अंतर २.०३ अँगस्ट्रॉम. अनॉमलस सिग्नल ३ अँगस्ट्रॉमपर्यंतच असेल तर हे दोन वेगळे दिसणारच नाहीत, त्यांचं मिळून एक फुगलेलं शिखर होतं. म्हणून फाइंडला १७ न देता ९ द्यायचे. आठ जोडगंधक आणि एक सुटा. सिग्नल २.१ च्या पुढे गेला तर डीसल हा शब्द ८ आकड्यासह द्यायचा. मग शेलएक्स-डी प्रत्येक फुगलेल्या शिखराला दोन गंधकांत सोडवायचा प्रयत्न करतो. बरोबर उत्तर आलं की यादीचा आकार असा दिसतो: वरची आठ शिखरं जवळपास एका उंचीची, सापेक्ष ऑक्युपन्सी (ती जागा किती भरलेली आहे) १.०० पासून साधारण ०.७ पर्यंत, मग नववं त्यांच्या निम्म्याच्या आसपास, तो मेथायोनीनचा गंधक, आणि दहाव्यापासून एकदम घसरण. ही घसरण म्हणजेच पुरावा. नववं शिखर निम्म्यावर का, हे कुणी विचारलं तर उत्तर रसायनशास्त्रात आहे, वरच्या प्रत्येकात दोन-दोन गंधक आणि त्यात एकच. नकाशा उघडण्याआधीच यादीवरून प्रोटीनची ओळख पटते, यात एक वेगळीच मजा आहे.

याउलट चुकीच्या उत्तराची यादी कशी दिसते? पहिली साइट १.००, दुसरी ०.४, मग हळूहळू उतरत जाणारी शेपटी, कुठेच पायरी नाही. किंवा उंच अशी एकच साइट आणि बाकी कचरा. बुडवलेल्या आयनांच्या डेटामध्ये मात्र खऱ्या उत्तरातही पायरी नसते, कारण आयन कमीअधिक प्रमाणात भरलेले असतात. तिथे पायरीचा आग्रह धरू नका.

दुसरा निकष दोन सहसंबंधांचा, सीसी-ऑल आणि सीसी-वीक. सीसी-वीक अशा रिफ्लेक्शनांवर काढतात जी शोधात वापरलेलीच नाहीत, म्हणून त्याचं वजन जास्त. सॅडमध्ये सीसी-ऑल ३० च्या वर आणि सीसी-वीक १५ च्या वर गेला की बहुधा उत्तर सापडलेलं असतं. मॅडमध्ये (अनेक तरंगलांबी वापरणारी रीत) दोन्ही आकडे आणखी वर जातात. पण या उंबरठ्यांना वेदवाक्य मानू नका. कट-ऑफ ४.५ अँगस्ट्रॉमवर आणलात तर रिफ्लेक्शन थोडी उरतात आणि चुकीच्या उत्तरालाही ३० सहज मिळतात. खरं पाहायचं ते धावांचं वितरण. सीसी-ऑल आणि सीसी-वीकचा ठिपक्यांचा आलेख काढला की चुकीच्या सगळ्या धावा एका ढगात जमतात. बरोबर धावा त्या ढगापासून तुटून, वर उजवीकडे, आपलं वेगळं बेट करतात. हजारातला एकच ठिपका तुटलेला असला तरी तो खरा असण्याची शक्यता दांडगी. सगळे ठिपके एकाच ढगात आणि सर्वोत्तम धाव ३२ वर असेल, तर ती ढगाची कड आहे, उत्तर नव्हे. हा आलेख पाहायला एचकेएल-टू-मॅप हे खिडक्यांचं आवरण वापरावं. पापे आणि श्नायडर यांचं २००४ सालचं, दिसायला जुनाट, पण कट-ऑफ आणि आलेख एका जागी ठेवणारं. टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

मिळालेल्या साइट्स आणि त्यांची आरशातली प्रतिमा, दोन्ही डेटाला सारख्याच जुळतात. शेलएक्स-डी यांतलं खरं कोणतं ते ठरवू शकत नाही, तो त्याचा दोष नाही. तो निर्णय शेलएक्स-ई घेतो. एकदा साधं आणि एकदा उलट करून, म्हणजे आय पर्याय लावून चालवायचं. थॉमॅटिनसारख्या स्फटिकात हात (मूळ की आरशातली प्रतिमा) उलटला की स्पेस ग्रुपही पी४३२१२ होतो, ते तो आपोआप करतो. आय४१, आय४१२२ आणि एफ४१३२ या तीन गटांत उलटवण्याचा केंद्रबिंदू मूळ बिंदूवर नसतो. शेलएक्स-ई हे सांभाळतो, पण साइट्स हाताने उलटवून दुसऱ्या प्रोग्रॅमला देणारे इथेच फसतात. पी२१ मध्ये एकच सेलेनियम असेल तर सबस्ट्रक्चर केंद्रसममित होतं, दोन्ही हात एकच, आणि नकाशात प्रोटीन आपल्या प्रतिमेसकट एकावर एक येतं. हा तिढा डेन्सिटी मॉडिफिकेशनलाच (नकाशा सुधारण्याचा टप्पा) सोडवावा लागतो आणि दरवेळी सुटेलच असं नाही.

शेलएक्स-ईच्या पर्यायांत विसरला जाणारा एक आहे, एच. सॅडमध्ये नेटिव्ह डेटा म्हणून तोच डेटा वापरलेला असतो, म्हणजे जड अणू त्यातही आहेत. हे एच लावून सांगितलं नाही तर पायाच चुकतो. एसपुढे विलायकाचा अंश द्यायचा. थॉमॅटिनला हिशेबाने ०.५७ येतो, आणि तो सांगितला नाही तर प्रोग्रॅम आपला ठरलेला ०.४५ धरून चालतो. एपुढे साखळी बांधण्याच्या फेऱ्या. तीनपासून सुरू करा, उत्तर काठावर असेल तर दहा-पंधरा द्या. हेलिक्स भरपूर असतील तर क्यू. झेड लावलं की साइट्सही सुधारल्या जातात. बांधलेल्या साखळीचा डेटाशी सहसंबंध २५ टक्क्यांच्या वर गेला, तेही २.५ अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक डेटावर, की सुटलं म्हणा. दोन हातांपैकी एकावर २८ आणि दुसऱ्यावर ९ असं आलं की वाद मिटतो. दोन्हीवर १२-१३ आलं तर परत कट-ऑफकडे जा, शेलएक्स-ईशी झुंजू नका.

अपयशाची कारणं बहुतेक वेळा प्रोग्रॅमबाहेर असतात. रेडिएशन डॅमेज पहिलं. डायसल्फाइड सगळ्यांत आधी तुटतात आणि ज्या गंधकावर आपली मदार तोच जागचा हलतो. ३० मेगाग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) ही मर्यादा डिफ्रॅक्शन अजून दिसतं या अर्थाची, अनॉमलस फरक तिच्या कितीतरी आधी वाहून जातात. शेवटच्या फ्रेम टाकून द्या आणि पुन्हा शोधा. मल्टिप्लिसिटी घटते, तरीही उत्तर येतं, असा हा विचित्र मामला आहे. बीमची तीव्रता उतरवून, ०.१ अंशाचे तुकडे करून, स्फटिक वेगवेगळ्या कोनांत बसवून अनेकदा फिरवणं हे एका जोरकस फेरीपेक्षा नेहमीच सरस. एकच स्फटिक पुरत नसेल तर अनेकांचा डेटा एकत्र करा, मात्र युनिट सेल एकसारखे आहेत की नाही ते आधी गटवारी करून बघा.

दुसरं कारण स्पेस ग्रुप. ऑर्थोऱ्हॉम्बिकमध्ये स्क्रू अक्षांवरची रिफ्लेक्शन मोजली गेलीच नसतील तर पी२२२ पासून पी२१२१२१ पर्यंत सगळे चालवून पाहावेत, शेलएक्स-डीला यात वेळ लागत नाही. पी४१ आणि पी४३ मध्ये फरक करू नका, तो पुढचा प्रश्न. पी४१२२ आणि पी४१२१२ मध्ये मात्र करा. तिसरं, एखादं बीमस्टॉपच्या (थेट किरण अडवणारा तुकडा) सावलीतलं रिफ्लेक्शन. प्लस नीट मोजलं गेलं, मायनस सावलीत अडकलं, की प्रचंड खोटा फरक तयार होतो आणि ई-मूल्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसतो. असे दोन-तीनही शोध बिघडवायला पुरतात. सावलीचा भाग प्रोसेसिंगमध्ये नीट झाकला आहे ना हे पाहणं कंटाळवाणं आहे, पण करा.

स्पर्धकांकडे एक नजर. फिनिक्स या दुसऱ्या प्रोग्रॅमसंचातला हिस बऱ्याच बाबतीत सोयीचा. अनेक धावांची उत्तरं एकमेकांशी ताडून तो स्वतःच थांबतो, आकडे वाचायची जबाबदारी आपल्यावर टाकत नाही. लाइकलिहुड वापरणारी त्याची नवी रीत कमकुवत सिग्नलवर शेलएक्स-डीच्या पुढेही जाते, फक्त वेळ खूप घेते. क्रँक-२ मधला प्रासा हाही गंभीर पर्याय. अर्धवट मॉडेल हाती असेल, मॉलेक्युलर रिप्लेसमेंटने कसंबसं बसवलेलं, तर शेलएक्स-डीला हातच लावू नका. त्या मॉडेलच्या फेजवरून अनॉमलस फरकाचा नकाशा काढा, त्यासाठी याच घराण्यातला अ‍ॅनोड आहे. रचना पूर्ण झाल्यावर धातू कुठला आणि क्लोराइड कुठला हे तपासायलाही तोच कामी येतो.

तक्रारी दोन. कागदपत्रं त्रोटक आहेत. एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ एका ओळीत दिलेला असतो आणि ती ओळही वाचणाऱ्याला सगळं ठाऊक आहे असं धरून लिहिलेली. दुसरी, "हा डेटा पुरेसा नाही" असं तो कधीच म्हणत नाही. फ्रीडेल जोड्या मिसळलेला डेटा दिला तरी तो मनापासून हजार धावा करतो आणि सर्वोत्तम धावेचा आकडा छापतो. नव्या विद्यार्थ्याच्या हाती हा एकटा प्रोग्रॅम सोपवायचा असेल तर आधी थॉमॅटिन किंवा लायसोझाइमच्या चांगल्या डेटावर सराव द्या. मग त्याच डेटाचा एकदशांश भाग घेऊन तोच शोध चालवायला सांगा, म्हणजे ढग आणि बेट यांतला फरक डोळ्यांना कळतो.

शोध: पाचपैकी पाच. वेग: पाच. समजावून सांगणं: दोन. किंमत विद्यार्थ्यांसाठी शून्य, त्यामुळे त्यावर बोलायचं नाही. प्रयोगशाळेच्या संगणकावर हा असायलाच हवा, हिससोबत, हिसऐवजी नव्हे. आणि उतरवताना तिन्ही प्रोग्रॅम एकाच आवृत्तीचे घ्या. जुन्या शेलएक्स-सीच्या फाइली नव्या शेलएक्स-डीला देऊन मग दोष डेटाला लावण्यात हशील नाही.